किट कार आणि रेप्लिका स्पोर्ट्स कार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या गॅरेजात एक निळी कोबरा स्पोर्ट्स कार उभी असते. ती खरी नाही, आणि हे मी कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकतो. इंग्लंडमध्ये राहून, तीन हिवाळे घालवून ती मी जोडली. तेव्हापासून इथले मराठी मित्र, त्यांचे पुण्या-मुंबईतले भाऊ आणि मेहुणे, आणि कुठून तरी माझा पत्ता मिळवलेले अनोळखी लोक तेच तेच प्रश्न पाठवतात. त्यांची उत्तरं एकदाच लिहून ठेवतो. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, म्हणजे एकच गोष्ट दोनदा लिहायला नको.

१. किट कार म्हणजे नेमकं काय? रेप्लिका म्हणजे तीच ना?

नाही. सुट्या भागांत विकत घेऊन घरी जोडायची ती किट कार. दुसऱ्या कुठल्या तरी गाडीसारखी दिसावी म्हणून बनवलेली ती रेप्लिका. बऱ्याच रेप्लिका किटमध्ये मिळतात म्हणून लोक दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात.

सगळ्यात चांगलं उदाहरण लोटस सेव्हनचं. कॉलिन चॅपमन यांच्या लोटसने ती १९५७ मध्ये आणली. ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता, म्हणून लोटस ती किटमध्येही विकायची. म्हणजे किट खरी, पण नक्कल कुणाचीच नाही. नियम असा होता की किटसोबत जोडणीची माहिती द्यायची नाही. मग लोटसने म्हणे गाडी सुटी कशी करायची याची माहिती दिली. गिऱ्हाइकाने ती शेवटून सुरुवातीकडे वाचायची! १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ही पळवाट बुजली.

२. जिकडे तिकडे कोबराच्याच नकला का दिसतात?

खऱ्या गाड्या फार थोड्या आणि मागणी प्रचंड, म्हणून. मूळ गाडी इंग्लंडची. सरे परगण्यातल्या थेम्स डिटनची एसी कार्स ही छोटी कंपनी १९५३ पासून 'एस' नावाची देखणी, हलकी गाडी बनवत होती. तिला लागणारं ब्रिस्टलचं सहा सिलिंडरचं इंजिन बंद होणार होतं. नेमक्या त्याच सुमारास, १९६१ मध्ये, कॅरोल शेल्बी यांनी एसीला लिहिलं की या गाडीत अमेरिकन व्ही-८ इंजिन बसेल का. शेल्बी १९५९ ची ल मॉ शर्यत जिंकलेले, पण हृदयाच्या दुखण्यामुळे शर्यती सोडाव्या लागलेले टेक्सासचे गडी. इंजिन फोर्डने दिलं, बॉडी आणि चॅसी एसीने दिली, आणि १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात पहिली कोबरा उभी राहिली. तिचा नंबर सीएसएक्स २०००. एकच गाडी वेगवेगळ्या रंगात रंगवून मासिकांना दिली, म्हणजे कारखान्यात गाड्यांची रांग लागली आहे असं वाटावं.

१९६० च्या दशकात सगळ्या प्रकारच्या मिळून साधारण हजारभर कोबरा बनल्या. ती पहिली गाडी २०१६ मध्ये लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला गेली. हजार गाड्या, आणि ती हवी असणारे जगभर. बाकीच्यांनी काय करायचं? फायबरची करायची.

आणखी एक कारण तांत्रिक आहे. कोबराला छप्पर नाही, खिडकीच्या काचा वरखाली करायची यंत्रणा नाही, आणि आत मोनोकॉक (म्हणजे बॉडी हाच सांगाडा) नसून नळ्यांची चॅसी आहे. घरी जोडायला याहून सोपी देखणी गाडी शोधून सापडणार नाही.

३. जाहिरातीत 'रेप्लिका', 'कंटिन्युएशन', 'रिक्रिएशन', 'ट्रिब्यूट' असे शब्द असतात. फरक काय?

यातला फक्त 'कंटिन्युएशन' शब्द थोडा वजनदार आहे. मूळ नावाचा हक्क असलेल्या कंपनीने पुढच्या काळात बनवलेली गाडी, असा त्याचा अर्थ. शेल्बींच्या कंपनीने सीएसएक्स ४००० मालिकेच्या कोबरा बनवल्या त्या अशा. त्यातल्या काहींची बॉडी फायबरची आहे, तरी कागदावर त्या शेल्बीच. बाकीचे शब्द विकणाऱ्याच्या मनावर. 'रिक्रिएशन' म्हणजे महागडी रेप्लिका, एवढंच मी समजतो.

४. किटच्या खोक्यात काय येतं? डोनर गाडी म्हणजे काय?

चॅसी, बॉडी आणि ती एकमेकांना जोडणारे भाग साधारणपणे येतात. इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, ब्रेक, स्टिअरिंग यांसाठी दुसरी एक गाडी घेऊन ती मोडायची. ती डोनर. घरोघरी अवयवदानच म्हणा.

डोनर देशागणिक बदलते. मॅसॅच्युसेट्समधली फॅक्टरी फाइव्ह ही कंपनी १९९५ पासून कोबरासारखी किट विकते, आणि तिची सुरुवात फोर्ड मस्टँगच्या भागांवर झाली. डॅक्ससारख्या ब्रिटिश किटांमध्ये जॅग्वार एक्सजे सलूनचं सस्पेन्शन आणि मागचा ॲक्सल वापरायची जुनी पद्धत. दक्षिण आफ्रिकेत बनणारी सुपरफॉर्मन्स मात्र इंजिन सोडून जवळजवळ पूर्ण गाडी देते. तिथे तुम्ही गाडी बांधली असं म्हणायला जरा धाडस लागतं.

५. मी आयटीत काम करतो, आयुष्यात पाना धरलेला नाही. मला जमेल का?

बोल्ट लावणं कुणालाही जमतं. लोक अडकतात ते दोन ठिकाणी, वायरिंगमध्ये आणि बॉडीच्या फिनिशिंगमध्ये.

वायरिंगची भीती आयटीवाल्यांना खरं तर कमी वाटायला हवी. एकेक सर्किट पूर्ण करायचं, तपासायचं, मग पुढचं. एक गोष्ट मात्र सगळ्यांची चुकते. फायबरच्या बॉडीतून वीज वाहत नाही. पत्र्याच्या गाडीत दिव्याचं अर्थिंग बॉडीला दिलं की काम भागतं. इथे प्रत्येक दिव्याला अर्थची वेगळी वायर चॅसीपर्यंत न्यावी लागते. माझा डावा इंडिकेटर लावला की हेडलाइट मंद व्हायचा. दोन रविवार गेले, तेव्हा कळलं.

फिनिशिंगला संयम हवा. साच्यातून निघालेल्या बॉडीचे दरवाजे आणि बॉनेट पहिल्या दिवशी कधीच नीट बसत नाहीत. घासा, भरा, परत घासा. धूळ फुप्फुसात जाते, मास्क घालाच. आणि ब्रेकची जोडणी स्वतः केली तरी जाणकाराकडून तपासून घ्या. मी एक जोड हाताने घट्ट करून 'नंतर पाना लावू' म्हणून विसरलो होतो. मित्राने गाडी बाहेर काढायच्या आदल्या संध्याकाळी ते पाहिलं म्हणून हे लिहायला मी आहे.

वेळ किती लागेल? विक्रेता सांगेल त्या तासांना तीनने गुणा.

६. खर्चाचा अंदाज कसा बांधायचा?

किटची किंमत म्हणजे घराच्या पायाची किंमत. इंजिन, चाकं-टायर आणि रंगकाम या तीन गोष्टी पुढे खिसा रिकामा करतात. चांगलं रंगकाम कधी कधी बॉडीपेक्षा महाग पडतं. अर्धवट सोडलेली किट स्वस्तात मिळते, पण घेताना चॅसीची पावती आणि डोनरचे कागद मागा. ते नसतील तर स्वस्त गाडी नोंदणीच्या वेळी सगळ्यात महाग ठरते (प्रश्न १२ पहा).

७. समोर उभी असलेली कोबरा खरी की नक्कल, हे कसं ओळखायचं?

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. चुकीची खूण सापडली तर नक्कल जवळजवळ सिद्ध होते. बरोबर खूण सापडली तर काहीच सिद्ध होत नाही, कारण नक्कल करणाऱ्यानेही तीच पुस्तकं वाचलेली असतात. त्यामुळे डोळे नेहमी चुकीच्या खुणेवर ठेवायचे.

लांबूनच सुरुवात करू. फुगलेले मडगार्ड, दोन्ही कुशींतून निघालेले सायलेन्सरचे जाड पाइप, बॉनेटवर हवेचं तोंड, चालकाच्या डोक्यामागे रोलबार. हा अवतार ४२७ एस/सी चा. ४२७ हा इंजिनाचा आकार, घनइंचांत, आणि एस/सी म्हणजे 'सेमी कॉम्पिटिशन'. शर्यतीसाठी बनवलेल्या पण न खपलेल्या तीसेक गाड्या रस्त्यासाठी विकल्या, त्यांचा हा थाट. रस्त्यावरच्या साध्या ४२७ ला कुशीतले पाइप नव्हते. आणि गंमत अशी की जगातल्या बहुतेक नकला याच दुर्मीळ तीस गाड्यांच्या आहेत. पेट्रोल पंपावर एस/सी दिसली, तर ती खरी असण्याची शक्यता सोडूनच द्या.

मग चाकं. मूळ शर्यती चाकं मधल्या एकाच मोठ्या नटाने बसतात, हातोडीने ठोकून घट्ट करायची. बऱ्याच नकलांमध्ये तो नट नुसतं टोपण असतो, आणि त्याखाली पाच साधे नट सापडतात.

आत डोकावा. मूळ गाड्यांना चार गिअरचा गिअरबॉक्स. दांड्याच्या मुठीवर पाच आकडे दिसले की शंका घ्या. शंकाच, कारण खऱ्या गाडीचा मालकही लांबच्या प्रवासासाठी गिअरबॉक्स बदलू शकतो.

खरी परीक्षा गाडीच्या खाली. २६० आणि २८९ इंजिनांच्या सुरुवातीच्या कोबरांना पुढे-मागे स्प्रिंगचे आडवे पाटे होते. १९६५ च्या ४२७ ला कॉइल स्प्रिंग आणि चार इंच व्यासाच्या गोल नळ्यांची चॅसी. खाली वाकून पाहिलं आणि चौकोनी बॉक्स सेक्शन दिसला, तर उठा, कपडे झटका आणि चहा प्या. डिफरन्शिअलला (मागच्या ॲक्सलच्या मधल्या गिअरपेटीला) चिकटून ब्रेक डिस्क असतील तर तो जॅग्वारचा मागचा भाग. पण गोल नळ्या दिसल्या म्हणून हुरळू नका. चांगल्या नकलाही गोल नळ्या वापरतात.

८. लोहचुंबक लावून पाहिलं तर कळेल ना?

कोबराच्या बाबतीत नाही. मूळ बॉडी ॲल्युमिनियमची, नकलेची फायबरची, आणि चुंबक दोन्हींना चिकटत नाही. त्यापेक्षा मडगार्डच्या आतून हात फिरवा. फायबरला आतून काचतंतूंची खरखरीत वीण लागते, कडा जाड असतात, आणि जुन्या रंगात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसतात. ॲल्युमिनियमची कड पातळ असते आणि आतल्या नळीवर गुंडाळलेली असते. मालकाला विचारून मगच हात लावा, हे सांगायला नको.

अपवाद आहेच. अमेरिकेतल्या यूटाची कर्कहॅम ही कंपनी ॲल्युमिनियमच्याच बॉडी विकते. त्या पोलंडमध्ये मिएलेत्सच्या विमान कारखान्यात हाताने बनवल्या गेल्या. तिथे पत्र्याची परीक्षा निरुपयोगी, प्रश्न ११ कडे वळा.

पोर्शच्या ३५६ या मॉडेलला मात्र चुंबक उत्तम चालतो, कारण मूळ बॉडी पोलादी आहे.

९. पोर्श स्पीडस्टरच्या नकला कशा ओळखायच्या?

३५६ स्पीडस्टर १९५४ मध्ये आली, न्यूयॉर्कचे आयातदार मॅक्स हॉफमन यांना अमेरिकेत तीन हजार डॉलरच्या आत बसणारी पोर्श हवी होती म्हणून. तिची नक्कल सोपी, कारण पोर्शचा जन्मच फोक्सवॅगन बीटलच्या नात्यातला. इंजिन मागे, हवेने थंड होणारं, चार सिलिंडर आडवे. बीटल घ्या, वरची बॉडी काढा, खालचा पॅन (तळाचा पत्रा) कापून आखूड करा, वर फायबरची बॉडी बसवा. बीटलचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४०० मिलिमीटर, ३५६ चा २१००. मधले ३०० मिलिमीटर कापून परत वेल्डिंग केलेलं असतं. गालिचा उचलला की ते वेल्डिंग आडवं दिसतं. हीच सगळ्यात मोठी खूण.

चाकाची वाटी काढून बोल्ट मोजा. चार असतील तर ती १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातली किंवा नंतरची बीटल. पाच असतील तर प्रश्न ७ च्या सुरुवातीचा बरोबर-चुकीच्या खुणेचा नियम परत वाचा, जुन्या बीटललाही पाचच होते.

बीटलचा नंबर मागच्या सीटखाली, मधल्या बोगद्यावर ठोकलेला असतो. कित्येक 'पोर्श'च्या कागदांवर गाडीचं नाव सरळ फोक्सवॅगन असतं. कागद वाचायची सवय असली की वाकायचीही गरज पडत नाही.

१०. केटरहॅम ही लोटस सेव्हनची नक्कल आहे का?

तिला नक्कल म्हटलं तर केटरहॅमवाले भडकतील, आणि त्यांचं बरोबर आहे. लोटसने सेव्हन बंद करायचं ठरवलं तेव्हा १९७३ मध्ये केटरहॅम कार्सने तिचे हक्क घेतले आणि ती बनवणं चालू ठेवलं. ती वारसदार. वेस्टफिल्ड आणि घरी वेल्डिंग करून बनवलेल्या असंख्य सेव्हनसारख्या गाड्या ही वेगळी जात. वेस्टफिल्डशी केटरहॅमचा १९८० च्या दशकात कायदेशीर वाद झाला, आणि त्यानंतर वेस्टफिल्डने बॉडी बदलली.

या घराण्याची एक शाखा आपल्या कोकणातही आहे. अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सने सेव्हनच्या वळणाची फायबरची रोडस्टर बनवली. इंजिन १.८ लिटरचं इसुझूचं, म्हणजे हिंदुस्तान मोटर्सच्या काँटेसात बसायचं तेच. मांडव्याच्या रस्त्यावर ती पाहून 'ही कुठली इंपोर्टेड?' विचारणारे बरेच असतील. ती रायगड जिल्ह्यातली.

११. चॅसी नंबर यादीत सापडला. म्हणजे गाडी खरीच ना?

नंबर खरा आहे, एवढंच कळलं. गाडीवर तो कसा आला, हा पुढचा प्रश्न.

अमेरिकेतला शेल्बी अमेरिकन ऑटोमोबाइल क्लब कोबरांची नंबरवार नोंदवही ठेवतो, आणि ब्रिटनमध्ये एसी ओनर्स क्लबकडे नोंदी आहेत. अमेरिकेला गेलेल्या गाड्यांना सीएसएक्स, एसीने ब्रिटनसाठी बनवलेल्यांना सीओबी आणि निर्यातीच्या गाड्यांना सीओएक्स असे उपसर्ग. नोंदवहीत गाडीचा इतिहास असतो, पहिला रंग, पहिला मालक, अपघात. तो इतिहास आणि समोरची गाडी जुळते का ते पाहायचं.

खरी गुंतागुंत इथे होते. समजा १९६६ मध्ये एक गाडी शर्यतीत चुरडली. चॅसी एकाने भंगारातून उचलली, इंजिन दुसऱ्याने. चाळीस वर्षांनी दोघांनी आपापल्या तुकड्याभोवती पूर्ण गाडी बांधली, आणि आता एकाच नंबरच्या दोन गाड्या झाल्या. दोघंही मनापासून 'माझीच खरी' म्हणतात. माझं मत चॅसीच्या बाजूने पडतं, पण अशा गाड्यांच्या व्यवहारात पडूच नये हे त्याहून पक्कं मत. नवा ठोकलेला नंबर, घासलेला पत्रा, चकचकीत पाटीवर नवे रिव्हेट दिसले तर तिथूनच परत फिरा.

कागदावरचं वर्षही पुरावा नाही. अमेरिकेतल्या काही राज्यांत रेप्लिकेच्या कागदावर ती ज्या गाडीसारखी दिसते तिचं वर्ष लिहिलं जातं. म्हणून १९९८ साली कुणाच्या तरी गॅरेजात जोडलेली गाडी कागदोपत्री १९६५ ची असू शकते, आणि त्यात फसवणूक अजिबात नाही. फसवणूक ते वर्ष दाखवून विकताना होते.

१२. ब्रिटनमध्ये नोंदणी कशी होते?

घरी जोडलेल्या गाडीला आयव्हीए ही एकेका गाडीची तपासणी पास करावी लागते. मोटारींसाठी २००९ मध्ये तिने आधीच्या एसव्हीएची जागा घेतली. तपासनीस ब्रेक, दिवे, धूर, सीट-पट्ट्यांचे जोड पाहतो. स्टिअरिंग वळवून सोडल्यावर आपोआप सरळ होतं का हेही पाहतो, आणि इथे बरेच जण नापास होतात. बाहेरच्या कडा टोकदार चालत नाहीत, किमान २.५ मिलिमीटर गोलाई लागते. म्हणून तपासणीच्या दिवशी कोबरांच्या अंगावर जागोजागी रबराच्या पट्ट्या दिसतात. दुसऱ्या दिवशी त्या कुठे जातात हे मला विचारू नका.

नंबरप्लेट भागांवर अवलंबून असते. सगळे भाग नवे आणि फार तर एक दुरुस्त केलेला, तर चालू वर्षाची प्लेट. भागांचं वय सिद्ध करता आलं नाही तर 'क्यू'ने सुरू होणारी प्लेट मिळते. ती कायम राहते आणि विकताना किंमत पाडते. म्हणून प्रश्न ६ मध्ये पावत्यांचा एवढा घोशा लावला.

१३. अमेरिकेतला मेहुणा म्हणतो तिकडे सोपं आहे. खरं का?

राज्याराज्यावर आहे. कॅलिफोर्नियात धुराच्या नियमातून सवलत मिळते, पण वर्षाला फक्त ५०० गाड्यांना, आधी येईल त्याला. तयार रेप्लिकेसाठी २०१५ च्या केंद्रीय कायद्याने छोट्या उत्पादकांना वर्षाला ३२५ पर्यंत गाड्या विकायची मुभा दिली. अट अशी की मूळ गाडी किमान २५ वर्षं जुनी हवी. त्याचे नियम लागू व्हायला २०२२ उजाडलं. सरकार कुठलंही असो, फाइल तशीच फिरते.

१४. किट पुण्यात मागवून, जोडून आरटीओत नोंदवता येईल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर सगळ्यात कडू आहे. व्यवहारात नाही. आपल्याकडे गाडीच्या नमुन्याला आधी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ खाली मान्यता लागते. ती देणाऱ्या संस्थांपैकी एआरएआय पुण्यातच आहे, पण ती चाचणी कारखानदारासाठी असते. आरटीओत लागणारा फॉर्म २२ (गाडी रस्त्यालायक असल्याचा दाखला) उत्पादक देतो, आणि घरी एकच गाडी जोडणारा माणूस या रचनेत बसत नाही.

'मग जुन्या गाडीवर नवी बॉडी चढवतो' हा पुढचा प्रश्नही पाठ झाला आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल चालणार नाहीत.

तिसरी वाट म्हणून लोक व्हिंटेज नोंदणी सुचवतात. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी दिली, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. पण गाडी मूळ स्वरूपात हवी, मोठे बदल केलेले नकोत. रेप्लिका तिथे दारातच अडते. खाजगी ट्रॅकवर किंवा प्रदर्शनात ठेवायची असेल तर गोष्ट वेगळी.

१५. माझ्या रेप्लिकेवर कोबराचा किंवा पोर्शचा बिल्ला लावला तर?

स्वतःच्या गाडीवर लावून तुम्ही रविवारी फिरलात तर सहसा कुणी दारात येत नाही. किट विकणाऱ्याने नाव वापरलं की येतात. शेल्बींनी फॅक्टरी फाइव्हवर २००० मध्ये दावा लावला. तडजोडीनंतर त्या कंपनीने 'कोबरा' हे नाव वापरणं सोडलं, म्हणून तिच्या जाहिरातीत नुसतं 'रोडस्टर' लिहिलेलं दिसतं. फेरारी त्याही पुढे गेली. डेटोना स्पायडर आणि टेस्टारोसाच्या नकला बनवणाऱ्यावर दावा करून १९९१ मध्ये तिने अमेरिकेच्या अपील कोर्टात निकाल मिळवला की गाडीचा आकार हीच ओळख आहे, आणि बिल्ला नसला तरी तो आकार चोरता येत नाही.

१६. विमा मिळतो का?

ब्रिटनमध्ये किट कारचा विमा देणारे वेगळे दलाल आहेत. 'ठरलेली किंमत' असलेली पॉलिसी घ्या, नाहीतर नुकसानीच्या वेळी कंपनी डोनर गाडीची किंमत पुढे करते. फॉर्मवर 'एसी कोबरा' लिहू नका. किट बनवणाऱ्याचं नाव आणि 'रेप्लिका' लिहा.

१७. लोक विचारतात 'खरी आहे का?' तेव्हा काय सांगावं?

मी सांगतो, 'बॉडी एसेक्सची, मागचा ॲक्सल भंगारातल्या जॅग्वारचा, चुका माझ्या.' निम्मे लोक हसतात आणि तिथेच थांबतात. उरलेले वाकून खाली पाहतात, आणि त्यांना मी बॉनेट उघडून दाखवतो.